चार कंपन्या आणि समोरच्या डोंगरावरचा एक टॉवर

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरातून फोन लावायचा असेल, तर पडवीतून खळ्यात आणि खळ्यातून पाणंदीने चढून सड्यावर जावे लागते. घरात असताना फोनच्या पडद्यावर कंपनीच्या नावाच्या जागी ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ एवढीच ओळ दिसते. बहुतेक लोक तिचा अर्थ ‘रेंज नाही’ असा घेतात, पण तो पूर्णपणे बरोबर नाही. रेंज अजिबात नसते तेव्हा फोन सहसा ‘सेवा नाही’ असे सांगतो. आणीबाणीची ओळ दिसते तेव्हा आपल्या कंपनीची लहर पोहोचत नसली तरी दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची पोहोचत असते, आणि ११२ हा क्रमांक तिच्यावरून लागू शकतो, कारण संकटकाळचा कॉल मिळेल त्या जाळ्यावरून नेण्याची सोय फोनच्या रचनेतच केलेली आहे. म्हणजे लहर घरापर्यंत आलेली आहे आणि फोनने ती ओळखलेलीही आहे. ती लहर ज्या कंपनीची आहे तिच्याशी आपला व्यवहार नाही, एवढ्यासाठीच आपले बोलणे अडलेले आहे.

गणपतीला मुंबईहून येणारा पुतण्या दर वर्षी म्हणतो, “काका, पोर्ट करून टाका ना एकदाचं.” त्याचे म्हणणे वावगे नाही. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, तिला ६ रुपये ४६ पैसे लागतात, आणि एकाच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार सेवेसाठी पाडलेल्या एकाच विभागात, ते काम कामकाजाच्या तीन दिवसांत व्हावे असा नियम आहे. परंतु आमच्या घरात जिची लहर येते ती कंपनी खाडीकडच्या खालच्या वाडीत पोहोचत नाही, आणि आमची कलमांची बाग तिथेच आहे. त्यामुळे आमच्याकडे घरटी दोन कंपन्यांची सिम असतात आणि दोन्हींचे रिचार्ज भरावे लागते. देशाच्या पातळीवर ज्याला स्पर्धा म्हणतात ती मुख्यतः दरपत्रकांची स्पर्धा आहे. वाडीत मात्र पहिला प्रश्न टॉवरचा असतो, आणि टॉवरांची स्पर्धा आमच्याकडे जवळजवळ होतच नाही. या दोन स्पर्धांमध्ये एवढे अंतर का पडले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८८५ च्या भारतीय तार कायद्याने संदेशवहनाचा अधिकार सरकारकडे ठेवला आणि पुढे कित्येक दशके दूरध्वनी म्हणजे सरकारी खाते हेच समीकरण राहिले. कोकणाला त्याची झळ विशेष लागली, कारण इथल्या घरातला कमावता माणूस मुंबईत आणि बाकीचे कुटुंब गावी अशी विभागणी होती. पैसे मनीऑर्डरने येत, दुःखाची बातमी तारेने येई, आणि बोलायचेच झाले तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावावा लागे. त्याचेही ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे चढत्या दराचे प्रकार होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने १२८ जोडण्यांचे आणि वातानुकूलनाशिवाय चालणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, तेव्हा लहान गावांना टेलिफोन मिळण्याची वाट मोकळी झाली. पाठोपाठ एसटीडीची दुकाने आली. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला कॉल उचलण्याचेही पैसे पडत.

आता स्पर्धेचा खरा पेच इथे आहे. बाजारात दोन आंबेवाले शेजारी बसले तर एकाला दुसऱ्याची गरज नसते, दोघे आपापली पेटी विकतात. टेलिफोनच्या धंद्यात तसे चालत नाही. एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलायचे असते, म्हणून प्रत्येक कंपनीला आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्याशी जोडून घ्यावे लागते. नव्या कंपनीचे दहा ग्राहक असतील आणि जुन्या कंपनीने तिला जोडणीच दिली नाही, तर ते दहा जण फक्त एकमेकांशी बोलू शकतील, आणि असे सिम कोणी घेणार नाही. म्हणजे जुन्या कंपनीला नव्या कंपनीला बाजारातून हुसकावण्यासाठी दर कमी करण्याचीही गरज नाही, जोडणीचे मार्ग अपुरे ठेवले तरी पुरते. म्हणूनच या धंद्यात पंच लागतो. १९९७ च्या कायद्याने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले ते मुख्यतः अशाच गोष्टींसाठी.

जोडणीबरोबर पैशाचाही प्रश्न येतो. पहिल्या कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला कॉल केला तर ग्राहकाकडून पैसे पहिलीला मिळतात, पण शेवटच्या टप्प्यात तो कॉल वाहून नेण्याचा खर्च दुसरीला पडतो. त्याची भरपाई म्हणून पहिलीने दुसरीला मिनिटामागे काही पैसे द्यावेत अशी पद्धत २००३ मध्ये ठरली, आणि त्याच वेळी येणारे कॉल ग्राहकाला मोफत झाले. गावात राहणाऱ्या आईवडिलांच्या हाती फोन टिकला तो या बदलामुळे, असे माझे मत आहे. मुंबईचा मुलगा कॉल करील, गावच्या माणसाने फक्त उचलायचा, हे त्यानंतरच परवडू लागले. ही भरपाई २०१५ मध्ये मिनिटाला १४ पैसे होती, १ ऑक्टोबर २०१७ पासून ती ६ पैसे झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आली. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ज्या कंपनीकडे जुने आणि जास्त ग्राहक आहेत तिच्याकडे कॉल जास्त येतात, त्यामुळे भरपाई जास्त असणे जुन्यांच्या फायद्याचे आणि ती शून्य होणे नव्यांच्या फायद्याचे होते.

हा सगळा पेच एकाच वेळी उघडा पडला तो २०१६ मध्ये. रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली तेव्हा तिने फक्त ४जीचे जाळे उभारले होते, कॉल कायमचे मोफत राहतील असे जाहीर केले होते आणि इंटरनेटही आधी ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत, मग मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत विनामूल्य दिले. तिच्या ग्राहकांचे कॉल जुन्या कंपन्यांच्या जाळ्यांवर मोठ्या प्रमाणात अयशस्वी होऊ लागले. जोडणीचे मार्ग मुद्दाम अपुरे दिले जात आहेत असे नवी कंपनी म्हणे, तर मोफत कॉलचा पूर आपण का सोसावा असे जुन्या कंपन्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तिघींवर मिळून सुमारे ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. दरम्यान इंटरनेटचे दर असे कोसळले, की महिन्याला एक जीबी जपून वापरणारे घर दिवसाला एक जीबी वापरू लागले.

पुढे जे झाले ते स्पर्धेच्या पुस्तकी चित्राशी जुळत नाही. २०१० च्या आसपास एकेका सर्कलमध्ये दहाहून अधिक परवानाधारक होते. त्यांपैकी बरेच आधीच डळमळीत होते, कारण सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी २००८ सालचे १२२ परवाने रद्द केले होते. दरयुद्धानंतर उरलेल्यांपैकी रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा आवरती घेतली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर इंडिया आणि टाटांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये विलीन झाली, आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. त्यावर २४ ऑक्टोबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. १९९९ च्या धोरणाने कंपन्यांना ठरावीक परवाना शुल्काऐवजी महसुलातला वाटा सरकारला देण्याची मुभा दिली होती, आणि ‘महसूल’ म्हणजे केवळ दूरसंचार सेवेचा की व्याज, भाडे असे इतर उत्पन्नही, यावर वाद चालू होता. न्यायालयाने सरकारची व्यापक व्याख्या मान्य केली आणि व्याज-दंडासह मोठी थकबाकी कंपन्यांच्या डोक्यावर आली. व्होडाफोन आयडियाच्या देण्याचा काही भाग सरकारने समभागांत बदलून घेतला, त्यामुळे २०२५ मध्ये त्या खासगी कंपनीत सरकारची भागीदारी ४९ टक्क्यांच्या जवळ पोहोचली. आज देशातल्या मोबाइल ग्राहकांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जिओ आणि एअरटेल या दोघींकडे आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले, तेव्हा ग्राहकांचा काही ओघ बीएसएनएलकडे वळला. ती सरकारी कंपनी बाजारात असण्याचा उपयोग त्या दोन-तीन महिन्यांत स्पष्ट दिसला.

एवढ्या उलथापालथीत आमच्या सड्यावर काय बदलले? दर उतरले, कारण रिचार्जचा दर गावागावांत वेगळा नसतो आणि मुंबईच्या स्पर्धेचा फायदा आपोआप आमच्यापर्यंत आला. टॉवर मात्र आपोआप येत नाही. त्याचे कारण एका साध्या हिशेबात आहे, आणि तो समजण्यापुरते आकडे आपण धरून चालू. समजा एका टॉवरचा महिन्याचा खर्च, म्हणजे जागेचे भाडे, वीज, डिझेल, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता मिळून, साठ हजार रुपये आहे आणि एका ग्राहकामागे दीडशे रुपये त्या टॉवरच्या वाट्याला येतात. मग टॉवर चालायला चारशे ग्राहक हवेत. टॉवरच्या टापूत सगळ्या वाड्या मिळून साडेचारशे फोन असतील, तर एका कंपनीचा टॉवर जेमतेम चालेल. तीन कंपन्यांनी तीन टॉवर उभारले तर प्रत्येकीला दीडशे ग्राहक मिळतील आणि तिघी तोट्यात जातील. चिपळूणच्या बाजारपेठेत त्याच टापूत काही हजार फोन असतात, त्यामुळे तिथे तीन काय, चार टॉवरही चालतात. म्हणजे जी स्पर्धा शहरात ग्राहकाला निवड देते, तीच वाडीत दुसऱ्या टॉवरला येऊ देत नाही. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. खाडीवर पूल नसेल आणि दिवसाला चाळीस माणसे पलीकडे जाणार असतील, तर तिथे एकच होडी चालणार. दुसरी आणली तर दोन्ही बंद पडतील.

कोकणात हा खर्चही सपाट मुलखापेक्षा जास्त पडतो. आमची गावे एका जागी बसलेली नाहीत, वाड्या डोंगरउतारांवर आणि पऱ्यांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, काठाने विखुरलेल्या आहेत. मोबाइलच्या लहरींमध्ये कमी वारंवारतेच्या लहरी, म्हणजे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या, दूर जातात, टेकडीच्या कडेवरून थोड्या वळतात आणि चिऱ्याच्या भिंतीतूनही काही अंशी आत येतात. १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी त्या मानाने लवकर अडतात, आणि ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची पोहोच त्याहून कमी असते. उलट जास्त वारंवारतेच्या पट्ट्यांत जागा जास्त असते, म्हणून वेग तिथे मिळतो. फोनवर ४जी दिसत असूनही घरात काही उघडत नाही, याचे एक कारण या पोहोच आणि वेग यांच्या ओढाताणीत आहे.

पावसाळ्यात रेंज जाते तेव्हा लोक म्हणतात, की पावसाने लहर अडवली. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. अडचण मागे असते. टॉवरने गोळा केलेले बोलणे पुढे न्यावे लागते, आणि जिथे ऑप्टिकल फायबर पोहोचलेली नाही तिथे ते एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर मायक्रोवेव्हच्या तबकडीने पाठवतात. तिची वारंवारता बरीच जास्त असते आणि तिला मुसळधार पाऊस खरोखर बाधतो. फायबर असली तरी महामार्गाच्या खोदकामात ती तुटण्याचा अनुभव आम्ही अनेकदा घेतला आहे. त्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली आणि डिझेल घेऊन येणारी गाडी दरडीमुळे घाटात अडकली, की सगळा टापू मुका होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांचा जगाशी संपर्क असाच तुटला होता.

दुसरी अडचण फक्त आमचीच म्हणावी अशी आहे. एका टॉवरच्या लहरींची क्षमता ठरलेली असते आणि त्याखालचे सगळे फोन ती वाटून घेतात. कंपनी टॉवरची आखणी वर्षभराच्या सरासरी वापरावर करते, तर गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की वाडीतली माणसे कित्येक पटींनी वाढतात. पूर्वी त्यांचे मुंबईचे सिम गावी येताच रोमिंगवर जाई, कारण दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई हे वेगळे सर्कल आहे आणि आमचा जिल्हा गोव्यासह महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो. रोमिंगचा भुर्दंड आता राहिलेला नाही. पण चाकरमान्याच्या फोनचे पैसे मुंबईच्या हिशेबात जमा होतात आणि त्याचा ताण गावच्या टॉवरवर पडतो, ही विसंगती राहिलीच आहे.

मग कंपन्यांवर सक्ती का केली नाही, असा प्रश्न साहजिक आहे. सक्ती होती, पण तिची मोजणी शहरांत होत असे. परवान्याच्या जुन्या अटींप्रमाणे तीन वर्षांत सर्कलमधल्या पन्नास टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा देणे आवश्यक होते, आणि मुख्यालयाऐवजी जिल्ह्यातले दुसरे एखादे शहर घेण्याचीही मुभा होती. रत्नागिरी शहरात टॉवर लागले की जिल्ह्याची अट पूर्ण. वाड्यांसाठी वेगळी वाट काढली गेली ती निधीची. २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित, म्हणजे ठरावीक वजावटींनंतरच्या, महसुलातले पाच टक्के सार्वत्रिक सेवा निधीत जमा होऊ लागले, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी हे नाव दिले. हे पैसे शेवटी ग्राहकांच्या रिचार्जमधूनच आलेले आहेत, आणि जिथे टॉवर परवडत नाही तिथे तो उभारणे हाच त्यांचा हेतू आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ४जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर करून काम बीएसएनएलकडे दिले. आतल्या गावांत मोबाइल बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा आला तो याच कंपनीचा, पण खासगी कंपन्या ४जीवर गेल्यानंतर अनेक वर्षे ती मागच्या पिढीच्या यंत्रांवर राहिली. तिचे देशी बनावटीचे ४जी जाळे सप्टेंबर २०२५ मध्ये देशाला अर्पण झाले. टाळेबंदीत शाळा फोनवर आल्या तेव्हा ते हवे होते. त्या जूनमध्ये आमच्या वाडीची मुले छत्री आणि प्लॅस्टिकचा कागद घेऊन सड्यावर अभ्यासाला बसत, हे मी विसरू शकत नाही.

वरच्या हिशेबातून मला एकच उत्तर सरळ निघताना दिसते. होडी एकच चालणार असेल, तर तिच्यात सगळ्यांना बसता आले पाहिजे. यात दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे लोखंडी मनोरा, जागा आणि जनरेटर वाटून घेणे. ते अनेक वर्षे चालू आहे आणि त्यासाठी स्वतंत्र टॉवर कंपन्याही आहेत. पण त्यात प्रत्येक कंपनीला आपली अँटेना आणि यंत्रणा लावावीच लागते, त्यामुळे लहान वाडीसाठी तेही पुष्कळदा परवडत नाही. दुसरी पायरी म्हणजे यंत्रणाही एकच ठेवून तिच्यावरून सर्व कंपन्यांच्या ग्राहकांना सेवा देणे, म्हणजे सर्कलच्या आतले रोमिंग. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने सरकारी निधीतून उभारलेल्या २७ हजारांहून अधिक ४जी टॉवरांवर हे सुरू केले आणि बीएसएनएल, एअरटेल व जिओ यांचे ग्राहक त्यांपैकी कोणत्याही टॉवरवरून बोलू शकतील अशी व्यवस्था केली. जो टॉवर सर्वांच्या पैशाने उभा राहिला तो सर्वांना खुला असावा, याहून न्याय्य काही मला सुचत नाही. जो टॉवर कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधला, त्याबाबत प्रश्न अधिक अवघड आहे. तो सक्तीने खुला केला तर पुढचा टॉवर कोणी बांधणार नाही, हा कंपन्यांचा आक्षेप पोकळ नाही, आणि वाजवी भाडे ठरवूनच त्यातून मार्ग काढावा लागेल.

तोपर्यंत सिम बदलण्याआधी शेजाऱ्याचा त्या कंपनीचा फोन आणून पडवीत, माजघरात आणि बागेत, तिन्ही जागी लावून पाहावा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या व्याप्तीचा नकाशा संकेतस्थळावर दाखवावा लागतो, तोही पाहावा, पण डोंगराच्या कुशीतल्या घरासाठी फोन लावून पाहण्याला पर्याय नाही. ज्या वडीलधाऱ्यांना इंटरनेट लागत नाही त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देणे डिसेंबर २०२४ च्या नियमाने कंपन्यांना बंधनकारक आहे. दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही, म्हणून ते मागून घ्यावे. टॉवरच्या किरणांच्या भीतीने काही वाड्यांनी जागा नाकारल्याचे मला ठाऊक आहे. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केलेली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश होती.

आमच्या ग्रामसभेत गेल्या वेळी नव्या टॉवरच्या मागणीचा ठराव मांडला गेला, तेव्हा मी त्यात एक दुरुस्ती सुचवली आणि ती मान्य झाली. समोरच्या डोंगरावर जो टॉवर आहे तो कोणत्या निधीतून उभारला आहे याची लेखी माहिती द्यावी, आणि तो सरकारी निधीतला असेल तर त्याच्यावरून इतर कंपन्यांच्या ग्राहकांचे फोन केव्हापासून लागतील ते कळवावे, असे दोन प्रश्न आता त्या ठरावात आहेत.